एकेचाळीस नंबर

(आपल्या वार्षिक सभेत ऑक्टोबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



दरवर्षी या सभेत मी कामाचा अहवाल वाचते. किती वाड्या, किती मुलं, किती शिबिरं, किती खर्च. यंदाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे. तो घरी नेऊन वाचा, आणि खर्चाचं पान तर जरूर वाचा. आज मला मिळालेला वेळ मी दुसऱ्या गोष्टीसाठी मागून घेतला आहे. मागच्या वर्षी मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेले होते. तिथे जे झालं आणि त्यानंतर जे झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीस वर्षं ती मी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. गेली कित्येक वर्षं तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून या कामाला पैसे देता, म्हणून ती तुमच्यापासून लपवून ठेवणं मला बरं वाटेना.

आधी थोडं मागचं सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. १९९२ साली त्यांची बदली रायगड जिल्ह्यात पेणला झाली, आणि मी तिथल्या एका शाळेत आठवीत दाखल झाले. नवं गाव, नवी भाषा. आमची बोली घाटावरची, तिथली कोकणातली. मी ‘लई’ म्हटलं की वर्ग हसायचा. त्यात आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘म्हणजे तुम्ही किरिस्ताव का?’ पहिले दोन महिने माझ्या बाकावर कुणी बसायला तयार नव्हतं. बसली ती फक्त एक मुलगी.

ती कातकरी होती. तिचं नाव मी आज सांगणार नाही. मी तिची परवानगी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “गोष्ट सांग, नाव नको.” म्हणून मी तिला ‘ती’च म्हणणार आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून ती तासभर चालत शाळेत यायची. त्या वाडीतून नववीपर्यंत पोहोचलेली ती पहिली. पायात चपला नसायच्या, पण वहीवरचं अक्षर असं की सर ती वही वर्गात फिरवायचे. भूमिती तर मला तिनेच शिकवली. कर्णाचा वर्ग आणि दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज मला काही केल्या कळेना. तिने शाळेमागच्या मातीत काडीने चौकोन काढले आणि मला एकेक घर मोजायला लावलं. उन्हाळा लागला की करवंदं आणायची. मी डब्यातली अर्धी भाकरी द्यायची. आमची मैत्री एवढीच, आणि तेव्हा मला ती पुरेशी होती.

नववीपर्यंत मी त्या गावात मुरले. बोली बदलली. पुढच्या बाकावरच्या मुलींनी मला त्यांच्यात घेतलं. त्यांच्यात बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या मुली होत्या, एकीच्या घरी गणपतीचा कारखाना होता. पेणच्या मूर्ती किती प्रसिद्ध आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या घरी मूर्तींचे डोळे रंगवताना बघायला मला बोलावणं यायला लागलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. मी तिच्याशी बोलणं सोडलं नाही. फक्त पुढच्या मुली बघत नसतील तेव्हा बोलायला लागले.

१९९३ ची दिवाळी. सुट्टी सुरू होती. एका संध्याकाळी ती आमच्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे तुम्ही आमच्या अहवालात दरवर्षी वाचता. तिचे आईवडीलही दरवर्षी जायचे. ती आजीजवळ वाडीत राहून शाळा करायची. त्या पावसाळ्यात आजी गेली. वाडीत तिला सांभाळायला कुणी उरलं नाही, आणि भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. वडिलांनी शेठकडून बयाणा आधीच उचललेला. ती म्हणाली, “आम्ही परवा चाललो. शाळा उघडली की सरांना सांग, मी वार्षिक परीक्षेला येते. तोवर नाव काढू नका म्हणावं.” मी म्हटलं, “सांगते.”

मी सांगितलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सर घाईत होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले असते तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं, कातकरणीचा निरोप हिच्याकडे कसा म्हणून. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. डिसेंबरात सरांनी हजेरी घेताना वर्गाला विचारलं, “एकेचाळीस नंबर कुठे आहे? कुणाला काही माहीत आहे का?” मागून एक मुलगा म्हणाला, “कातकरीच ती सर, गेली असेल भट्टीवर नाहीतर खेकडे धरायला.” वर्ग हसला. मी मान खाली घातली आणि मीही हसले.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या नावावर लाल रेघ आली. माझा नंबर बेचाळीस. रोज सकाळी सर चाळीस म्हणायचे आणि त्यानंतर एकदम बेचाळीस, आणि मी ‘हजर सर’ म्हणायची.

एप्रिलमध्ये ती आली. वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर होता. माझी जागा खिडकीजवळ होती. ती ऑफिसच्या दारात उभी राहिली, कुणीतरी तिला काहीतरी सांगितलं, आणि मग ती नळाजवळ जाऊन थांबली. हातात कंपासपेटी होती. पेपर सुटेपर्यंत थांबेल असं मला वाटलं, आणि थांबू नये असंही वाटलं. अर्ध्या तासाने बघितलं तर नळाजवळ कुणी नव्हतं.

पुढे मी मार्च १९९५ मध्ये दहावी झाले, कॉलेज केलं, ईशज्ञानशास्त्राची पदविका घेतली आणि या कामात आले. लोक विचारतात, आदिवासींमध्येच काम करावंसं तुम्हाला का वाटलं? मी पाचारण झालं असं सांगते, आणि ते खोटं नाही. पण त्या पाचारणात नळाजवळ उभी असलेली एक मुलगी होती, हे मी कधी सांगितलं नाही. वाड्यावाड्यांतून फिरले, पण तिच्या वाडीवर कधी गेले नाही. आमच्या कामाचा तालुका दुसरा आहे, असं स्वतःला सांगत राहिले.

आता मेळाव्याकडे येते. आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी फुलांची चित्रं, वाढदिवसाला केक, निवडणूक आली की भांडणं, सगळ्यांच्या ग्रुपसारखाच. दिवाळीनंतर २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार ठरला. माणशी हजार रुपये वर्गणी. रविवारची उपासना चुकवून जायचं म्हणून मी आधी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “जा, जुनी माणसं भेटणं हीही सेवाच आहे.” ती कोणत्या प्रकारची सेवा होणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण अशा मेळाव्यांना गेले असाल. गेटवर फ्लेक्स, पुरुषांना गुलाबी फेटे, आम्हा बायकांना एका रंगाच्या साड्या. छातीवर नावाची पट्टी, आणि ती वाचायला जवळजवळ प्रत्येकाने चष्मा काढलेला. ज्याला आम्ही काडी म्हणायचो त्याचं पोट सुटलेलं, आणि ज्याचे केस पाहून मुली हसायच्या त्याच्या डोक्यावर एकही केस नाही. नाश्त्याला पोहे. मग शिपाईमामांनी पहिल्यासारखा टोल दिला, आणि चाळिशी उलटलेली आम्ही अडतीस माणसं धावत जाऊन रांगेत उभी राहिलो. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले होते.

मग दिवंगत मित्रांना श्रद्धांजली झाली. आमच्या वर्गातले तिघे गेले. एक मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातात, दोघे करोनात. तिघांचे फोटो लावले होते, हार घातले होते. दोन मिनिटं आम्ही स्तब्ध उभे राहिलो.

नंतर सत्कार. त्या यादीत माझंही नाव होतं. निवेदन करणारा मित्र म्हणाला, “आदिवासी बांधवांसाठी आयुष्य वाहून घेतलेली आपली मैत्रीण.” शाल, श्रीफळ, टाळ्या. हसला होता तो मुलगा आता मोठा बागायतदार झाला आहे. त्यानेच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्याला काही आठवत नसावं. त्याला का दोष द्यावा? शाल माझ्याच खांद्यावर होती.

शेवटचा कार्यक्रम हजेरीचा. नववीचे आमचे वर्गशिक्षक आले होते. आता निवृत्त, हातात काठी. इतक्या वर्षांपूर्वीचे हजेरीपट कुठे असणार? पण सरांना कागद टाकून देण्याची सवय नाही. त्यांनी घरून स्वतःची गुणांची वही आणली होती, १९९३-९४, इयत्ता नववी. पुठ्ठ्याची, कोपरे खाल्लेली. सर म्हणाले, “आज यातूनच हजेरी घेतो. हजर असेल त्याने उभं राहायचं.”

एक, दोन, तीन. कुणी ‘प्रेझेंट सर’ म्हणालं, कुणी मिलिटरीसारखा सॅल्यूट ठोकला. गेलेल्यांची नावं आली तेव्हा सर क्षणभर थांबले. चाळीस झाला. आणि सरांनी एकेचाळीस म्हणून तिचं पूर्ण नाव वाचलं.

कुणी उठलं नाही. सरांनी चष्म्यावरून बघितलं. पुन्हा नाव घेतलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “कोण ही?” एकजण म्हणाली, “आपल्यात होती का अशी कुणी?” सर वहीकडे बघत म्हणाले, “होती ना. सहामाहीला गणितात शंभरपैकी एकाहत्तर. वार्षिकचा रकाना मात्र कोरा आहे.” मग त्यांनी विचारलं, “हिला निमंत्रण कुणी दिलं होतं?”

कुणीच दिलं नव्हतं. सरांच्या वहीत अठ्ठावन्न नावं होती. हजेरी संपेपर्यंत कळलं की त्यांतली नऊ आमच्या ग्रुपमध्ये कधी नव्हतीच. कुणी नववीत नापास होऊन गॅरेजवर लागलेला, एकीचं लग्न लावून दिलेलं, आणि चौघं आदिवासी वाड्यांवरची. ग्रुपचं नावच ‘दहावी १९९५’. जे दहावीपर्यंत आले नाहीत ते आमचे वर्गमित्र होते, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. मेलेल्यांना आम्ही दोन मिनिटं दिली होती, आणि या नऊजणांना काहीच नाही.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मी तर पदविकेच्या परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं आहे, चांगले गुणही मिळाले होते. त्या दिवशी बाकावर बसल्याबसल्या मला पहिल्यांदा जाणवलं की शंभरातलं एक कमी आहे हे त्या मेंढपाळाला कळलं, कारण संध्याकाळी त्याने मोजलं होतं. आम्ही कधी मोजलंच नव्हतं. सरांनी बेचाळीस म्हटलं आणि मी ‘हजर सर’ म्हणाले. तेव्हाही मी काही बोलले नाही. अडतीस माणसांसमोर, खांद्यावर शाल असताना, चव्वेचाळीस वर्षांची मी पुन्हा एकदा गप्प बसले.

जेवणं झाल्यावर सर व्हरांड्यात एकटे बसले होते. त्यांच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. सर बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “तू चौदा वर्षांची होतीस. मी अडतीसचा होतो. माझ्याकडे सायकल होती. वाडीवर जाऊन यायला मला एक संध्याकाळ पुरली असती.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण माझी चूक ती माझी. तुझी तुला फेडायला लागेल. जा, तिला भेट.”

दिवाळी होऊन गेली होती. वाडीवर गेले तर निम्म्या घरांना कुलपं, निम्म्या दारांना काट्या लावलेल्या. एका म्हातारीने सांगितलं, खालापूरकडच्या भट्टीवर गेलेत. ती माहेरच्याच वाडीत दिलेली. खालापूरकडे भट्ट्या काही एक-दोन नाहीत. तिसऱ्या भट्टीवर सापडली.

भट्टीचं काम आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. पहाटे अंधारात चिखल तुडवायचा, गोळे करायचे, साच्यात थापायचे, ओळीने विटा मांडायच्या. नवराबायकोची जोडी धरून हजार विटांवर हिशोब, त्यातून पावसाळ्यात उचललेला बयाणा वळता. बाजाराच्या दिवशी खर्ची तेवढी हातात. मी गेले तेव्हा सकाळचं थापणं उरकून ती हात धूत होती. माझ्याच वयाची, पण केस माझ्यापेक्षा पुष्कळ पांढरे. मला बघून ती म्हणाली, “बोला ताई, कुठल्या ऑफिसातनं आलात?” मी नाव सांगितलं. तिने डोळे बारीक केले. “अगं बाय! कंडक्टरची पोर ना तू? ती लई-लई करणारी?”

विटांच्या थप्पीला टेकून बसलो. तिला नातवंडं झाली आहेत. मला सांगायचं होतं ते मी सांगितलं. निरोप दिला नव्हता, सरांनी विचारलं तेव्हा हसले होते, परीक्षेच्या दिवशी खिडकीतून तिला बघितलं होतं.

ती लगेच काही बोलली नाही. हाताला लागलेला सुका चिखल नखाने काढत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, तू सांगितलं असशील. मास्तरांनीच ऐकलं नसेल.” पुन्हा गप्प. “म्हणजे तीस वर्षं मी मास्तरांना उगाच शिव्या दिल्या.”

बंधुभगिनींनो, मी क्षमा मागायला गेले होते, आणि तिथे मला समजलं की माझ्या गप्प बसण्याचा भार एका निरपराध माणसानेही वाहिला होता. तिने मला क्षमा केली असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तसे शब्द ती बोलली नाही आणि मीही ओढून काढले नाहीत. तिने चहा दिला. नंतर विचारलं, “आता तू काय करतेस?” मी वाड्यांवरच्या शाळेचं काम सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “मग मला माझा दाखला आणून दे.”

मला वाटलं, तिला पुढे शिकायचं असेल. मी उत्साहाने सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगायला लागले, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं ते. ती खळखळून हसली. “माझं डोकं फिरलंय का आता दहावी करायला? भावाच्या पोरीसाठी पाहिजे.”

तिचा प्रश्न ऐका, कारण आपल्या कामातला निम्मा भाग हाच असतो. तिचा तो धाकटा भाऊ, ज्याला सांभाळायला तिची शाळा सुटली, तो कधीच शाळेत गेला नाही. त्याची मुलगी सतरा वर्षांची, आठवी करून सुटलेली. तिला जातीचा दाखला मिळत नव्हता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथलं आहे हे दाखवावं लागतं, आणि वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाच्या तरी शाळेच्या कागदावर जात लिहिलेली असली तर मोठा आधार होतो. पण बाप शाळेत गेला नाही, आजा गेला नाही. मग चौकशी, पंच, खेपा, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांच्यासाठी योजना आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही केंद्राची योजनाही सुरू झाली. पण कुठल्याही योजनेच्या दारात आधी कागद विचारला जातो. त्या घरात शाळेची पायरी चढलेली एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे आत्या. तिचं नाव तर काढून टाकलेलं. नाव काढलं म्हणजे शाळेत आपलं काही उरलं नसेल, असं धरून ती तीस वर्षं त्या गेटच्या आत गेली नव्हती.

तसं नसतं. हजेरीपट वेगळा आणि जनरल रजिस्टर वेगळं. हजेरीपटातलं नाव खोडलं जातं. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव एकदा चढलं की नाव, जात, जन्मतारीख, सगळं कायम राहतं. नाव काढलेल्या मुलालाही शाळा सोडल्याचा दाखला मागता येतो. हे मला कामामुळे माहीत होतं, आणि मी त्याच शाळेत सत्काराची शाल घेऊन बसले होते.

तिच्या सहीचा अर्ज घेऊन मी शाळेत गेले. सर काठी टेकत बरोबर आले. आताच्या मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान सापडलं, आणि आठवड्याभरात दाखला मिळाला. तो घेऊन आम्ही दोघं भट्टीवर गेलो. सरांना बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. सर तिला म्हणाले, “बाळ, मी यायला हवं होतं.” ती काही बोलली नाही. त्यांना बसायला पाट दिला.

दाखला तिने स्वतः वाचला, मोठ्याने, सगळ्यांसमोर, एकेका रकान्यावर बोट ठेवून. नाव. जात, कातकरी. जन्मतारीख. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. मग शाळा सोडण्याचं कारण, ‘सतत गैरहजर’. तिथे बोट थांबलं. ती म्हणाली, “गैरहजर कुठे होते मी? भट्टीवर रोज हजर होते.”

यावर मी काय बोलणार होते?

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. आत्याचा दाखला जोडून भाचीचा जातीच्या दाखल्याचा अर्ज गेला. पावसाळ्यात दाखला हातात आला. भाचीने सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलं आहे. ती टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही. तिच्याही लग्नाचं घरात बोलणं सुरू आहे. मेळाव्याच्या वर्गणीतून अकरा हजार चारशे रुपये उरले होते. शाळेला पाण्याचा कूलर द्यायचं ग्रुपवर ठरत होतं. मी लिहिलं की वाड्यांवरच्या मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी आणि दाखल्यांच्या खेपांसाठी हे पैसे वापरू, आणि त्या वेळी माझ्या हातून काय झालं होतं तेही लिहिलं. दोन दिवस कुणाचंच उत्तर नाही. मग एक म्हणाला, जुनं उकरून काय मिळतं? दोघांनी अंगठे दाखवले. एक मैत्रीण ग्रुप सोडून गेली. आणि तो हसणारा, आता बागायतदार झालेला, रात्री फोन करून म्हणाला, “खेकड्यांचं मीच बोललो होतो ना गं?” दाखल्यासाठी तहसीलला न्यायला गाडी त्याचीच होती. बाकीच्या आठजणांचा शोध सुरू आहे. पाच सापडले.

आता तुमच्याकडे माझं मागणं. पैशाचं नाही, ते अहवालात आहे. मागणं दोन गोष्टींचं आहे.

पहिली गोष्ट, तुम्हीही कुठल्यातरी वर्गात बसला होता. घरी गेल्यावर वही घ्या आणि तुमच्याबरोबर होते पण शेवटपर्यंत पोहोचले नाहीत, त्यांची आठवतील तेवढी नावं लिहा. आमच्यासारखी तुम्हालाही आधी चार-दोनच आठवतील. लिहायला लागलात की आणखी येतील. त्यांतलं एखादं नाव लिहिताना हात अडखळला, तर त्या माणसाला भेटायला जा. वेदीवर देणगी ठेवण्याआधी भावाशी समेट करून ये, असं आपल्या प्रभूने सांगितलं आहे. मी वीस वर्षं देणगी आधी ठेवत आले.

दुसरी गोष्ट, दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर आली आहे. नंतर वाड्या रिकाम्या होतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पण तो कायदा आठवीला संपतो, आणि ती नववीत होती. म्हणून नववी-दहावीच्या मुलांसाठी जाण्याआधीच शाळेत जाऊन बोलावं लागतं. लहान मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते घेऊन गेलं तर भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. तुमच्या गावाशेजारी वाडी असेल, तर या पंधरा दिवसांत एक संध्याकाळ काढा. कोण चाललंय ते विचारा, आणि शाळेत जाऊन सांगा. निरोप पोहोचवणं एवढंच काम आहे. मला ते जमलं नव्हतं, म्हणून सांगते, ते काम लहान नाही.

आमचा पुढचा मेळावा ठरतो आहे. सरांनी अट घातली आहे की निमंत्रण अठ्ठावन्न नावांना जाईल. मी तिला विचारायला गेले, “येशील का गं?” तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाली, “दिवाळीनंतर ठेवाल तर मी कशी येणार? मे महिन्याच्या शेवटी ठेवा, भट्टी सुटल्यावर. मग बघू.”

तारीख मेच्या शेवटच्या रविवारची धरली आहे. प्रार्थनेत आठवण असू द्या.